कळांचं सलाईन

"सिस्टर, आजच होऊन जाऊ द्या ना."

लेबर रूमच्या दारात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की रिटायर झाल्यावर सुरुवातीचे काही महिने झोपेतही कोणीतरी ते म्हणतंय असं वाटायचं. म्हणणारी माणसं नाना तऱ्हेची. कोणाला उद्या अमावस्या लागते म्हणून घाई, कोणाच्या पुण्याहून आलेल्या पोराची सुट्टी संपत आली म्हणून, कोणाचं सोयाबीन सोंगायला आलं म्हणून. काहींना तर नुसता दवाखान्याच्या आवारात बसून कंटाळा आलेला असायचा. पोटातल्या लेकराला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला कुठलं कॅलेंडर अन् कुठलं सोयाबीन!

मी अकोल्याला सरकारी दवाखान्यात नर्स होते आणि नोकरीची बहुतेक वर्षं लेबर रूममध्येच गेली. या अंकवाल्यांनी मला सांगितलं, बाळंतपणाचे अनुभव लिहा, वाचकांना दिवाळीत जरा गोड वाटलं पाहिजे. मी हो म्हटलं आणि लिहायला बसले, तर हाताखाली सगळं कडूच यायला लागलं. आता आलंच आहे तर तसंच लिहिते. ज्यांना गोड हवं असेल त्यांच्यासाठी फराळाची पानं पुढे असतीलच.

बाहेरच्या माणसाला आधी कामाची गोष्ट समजली पाहिजे. बाळंतपणाच्या कळा आपसूक येतात, तशा बाहेरून आणताही येतात. आम्ही त्याला 'इंडक्शन' म्हणतो आणि पेशंटच्या नातेवाइकांच्या भाषेत ते 'कळांचं सलाईन'. औषध तेच, जे बाईच्या मेंदूच्या खाली एका एवढ्याशा गाठीतून वेळ आली की रक्तात उतरतं. आम्ही ते बाटलीत घालून थेंबाथेंबानं देतो. ऐकायला किती सोपं वाटतं! नळ सोडला की पाणी आलं, असंच लोकांना वाटतं.

नर्सिंगला असताना आमच्या ट्यूटर बाई फार खडूस होत्या, पण शिकवायच्या जीव ओतून. त्या म्हणायच्या, 'इंडक्शन' हा शब्द बाळंतपणाचा नाही, तो सगळ्या जीवांचा आहे. आईच्या पोटात गर्भ अगदी बारका असतो तेव्हा त्याच्या मेंदूतून डोळ्याचा एक कोंब फुटतो आणि बाहेरच्या कातडीला जाऊन भिडतो. तो भिडला की त्या जागच्या कातडीला समजतं, की आपल्याला आता कातडी राहायचं नाही, डोळ्याचं भिंग व्हायचं आहे. एका अंगानं दुसऱ्या अंगाला दिलेला हा निरोप. पण तोच कोंब ती कातडी तयार व्हायच्या आधी भिडला, तर ती ढिम्म राहते. "निरोप कितीही मोठ्यानं द्या," बाई म्हणायच्या, "ऐकणारं अंग तयार नसेल तर निरोप फुकट जातो, नाहीतर घात करतो." परीक्षेत हा प्रश्न आला होता आणि मला त्यात चांगले मार्क पडले होते.

लेबर रूममध्ये ऐकणारं अंग म्हणजे गर्भाशयाचं तोंड. दिवस भरत आले की ते मऊ पडतं, आखूड होतं, हळूहळू उघडायला लागतं. तपासताना आम्ही ते बोटांनी मोजतो, एक बोट उघडलं, दोन बोटं उघडलं. तोंड मऊ असेल तर कळांचं सलाईन सोन्यासारखं काम करतं. ते नाकाच्या शेंड्यासारखं टणक असताना तुम्ही सलाईन लावलं, तर कळा येतात, बाई ओरडते, आणि आतलं दार बंद ते बंदच. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. दोन कळांच्या मध्ये पोट पुन्हा मऊ पडलंच पाहिजे. कळ आली की बाळाकडचं रक्त आवळलं जातं, कळ ओसरली की बाळ श्वास घेतल्यासारखं पुन्हा सावरतं. कळेवर कळ यायला लागली की त्याला सावरायला सवडच मिळत नाही. म्हणून सलाईन लावल्यावर नर्सनं पोटावर हात ठेवून बसायचं असतं, थेंब मोजायचे असतात, बाळाचे ठोके ऐकायचे असतात. मशीन आलं तरी हात काही उचलायचा नसतो. मी नव्या मुलींना सांगायचे, मोबाईल बाजूला ठेवा, नाहीतर लेबर रूम सोडा. त्या मागून मला हिटलर म्हणायच्या, ते मला ठाऊक होतं.

या औषधानं वाचवलेल्या बायाही मी पुष्कळ पाहिल्या, ते नाही सांगितलं तर अन्याय होईल. मूर्तिजापूरकडची एक बाई आठवते. चेहरा, पाय सुजून टम्म झालेले, बीपी आभाळाला गेलेलं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणत होती. अशा बाईला केव्हा झटका येईल नेम नसतो, आणि त्यावर एकच इलाज, बाळ बाहेर काढणं. तिचं तोंड तयार नव्हतं. आम्ही आधी ते मऊ करायचं औषध ठेवलं, वाट पाहिली, मग सलाईन लावलं. अख्खी ड्यूटी मी तिच्या पोटावर हात ठेवून बसले. पोरगी झाली, दोन्ही जीव वाचले. तिच्या सासूनं घरी जाताना माझ्या हातात तिळाच्या लाडवांची पिशवी कोंबली आणि नातीचं नाव माझ्यावरून ठेवते म्हणाली. ठेवलं की नाही कोण जाणे, पण त्या दिवशी मी तरंगतच घरी गेले.

आणि याच औषधाचे धंदे काय काय चालतात! आमच्या गल्लीतला एक दूधवाला एके दिवशी घरी आला, मोठा अदबीनं बसला, चहा घेतला आणि हळूच म्हणाला, की सिस्टर, तुमच्याकडे ते म्हशीचं इंजेक्शन असते म्हणे. पारडू मेलेली म्हैस पान्हा सोडत नाही, तिला ही सुई टोचली की दूध उतरतं. कायद्यानं बंदी आहे, पण म्हशीला कायदा वाचता येत नाही. मी त्याला चहाच्या कपासकट दाराबाहेर काढला आणि दुसऱ्या दिवसापासून पुड्यातलं दूध सुरू केलं.

त्या दूधवाल्यावर निदान हसता तरी येतं. एकदा एका खेड्यातून जीपमध्ये घालून एक बाई आणली होती. गावातल्या कोणा 'डॉक्टर'नं, ज्याच्याकडे डिग्री सोडून सगळं होतं, घरीच तिला कळांची सुई कमरेत टोचली होती. सलाईनमधून थेंब थेंब द्यायचं ते एका दमात. सुई एकदा आत गेली की ती काही परत काढता येत नाही. बाईचं तिसरं बाळंतपण होतं. गर्भाशय फाटलं. आम्ही धावपळ केली, रक्त मागवलं, टेबलवर घेतलं, पण ती गेली आणि बाळही गेलं. तिचा नवरा मला विचारत होता, की घरी त कळा चांगल्या जोरात येऊन राहिल्या होत्या, मग असं कसं झालं? त्याला काय सांगायचं, की बाबा, त्या जोरानंच घात केला.

शहाणी माणसंही भेटली. वरूडकडचा एक संत्र्याच्या बागेचा मालक होता, उपरणं डोक्याला गुंडाळून सुनेच्या बाळंतपणासाठी जिन्याखाली ठाण मांडून बसलेला. त्याचा पोरगा आमच्या डॉक्टर मॅडमशी भांडत होता, सलाईन लावा म्हणून. सुनेचं तोंड अजून टणक होतं आणि घाई करण्यासारखं काहीच कारण नव्हतं. म्हातारा उठला आणि पोराला सगळ्यांदेखत म्हणाला, "बहार धराचा असला की आपन झाडाले ताण देतो. पानी तोडतो, मंग झाड फुलते. पन झाडात ताकद हाय का नाही हे पाह्यल्याबिगर तुह्या बापानं कधी पानी तोडलं का?" दोन दिवसांनी त्या पोरीला आपोआप कळा आल्या आणि सुखरूप सुटली. म्हाताऱ्यानं पाठवलेली संत्री आम्ही ड्यूटीरूममध्ये कितीतरी दिवस खात होतो.

मुहूर्तवाल्यांचे किस्से तर विचारू नका. पंचांग घेऊन येणारे, अमावस्येच्या आत सोडवा म्हणणारे, नक्षत्र बदलायच्या आत म्हणणारे. आमच्या सरकारी दवाखान्यात त्यांची डाळ शिजत नसे. मग ते तणतणत प्रायव्हेटमध्ये जायचे. ड्यूटीरूममध्ये चहा पिताना आम्ही त्यांच्यावर फार हसायचो. मी जरा जास्तच हसायचे. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातलं पंचांग त्याच आठवड्यात चुलीत घातलं, ही गोष्ट आमच्या घरात मुलांना गोष्टीसारखी सांगतात. आमच्यात लग्नाला तिथी पाहत नाहीत, बारशाला नक्षत्र पाहत नाहीत. आमच्यात असलं काही नसतं बाप्पा, असं मी सगळ्यांना ठासून सांगायचे.

माझा धाकटा भाऊ सुधाकर वलगावला राहतो. एका शाळेत क्लार्क होता. त्याचा मुलगा निखिल आणि सून पल्लवी. पल्लवी भातकुलीकडची, आई लहानपणीच गेलेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचा प्रश्नच नव्हता. मी रिटायर होऊन थोडेच दिवस झाले होते. मार्च सरता सरता सुधाकरचा फोन आला. तारीख एप्रिलच्या शेवटची दिली आहे, पण अमरावतीला पल्लवीच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणतात चौदा एप्रिलला करता येतं. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता. मी विचारलं, कशासाठी? तर म्हणाला, ताई, असं काय विचारतेस, जयंतीच्या दिवशी घरात लेकरू जन्मलं तर त्याच्यासारखं दुसरं काय आहे!

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं वलगावला गेले. पल्लवीला आत नेऊन तपासलं. पहिलटकरीण, दिवस अजून भरायचे, तोंड टणक, बाळ वरच. तब्येत ठणठणीत, बीपी नाही, साखर नाही, बाळाच्या ठोक्यांत काही नाही. म्हणजे लवकर काढायला एकही कारण नव्हतं. बाहेर येऊन मी सुधाकरला अगदी वरूडच्या म्हाताऱ्याच्या थाटात समजावलं. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता, आणि मला कळत होतं की एक अक्षर आत जात नाही. शेवटी माझा पारा चढला.

"यालेच मुहूर्त म्हन्तात, सुधाकर," मी म्हटलं. "आजोबांनी पंचांग जाळलं अन् तू दुसरं घरात आनून राहिला."

तो एकदम ताठ झाला. "मुहूर्त नाही ताई, अभिमान हाय थो. तुले नाही समजाचं. तू सरकारी दवाखान्यात राह्यली, तुले जुनंच मालूम. आता लय सोयी आल्या."

घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय. साऱ्या जिल्ह्याच्या बाया मी मोकळ्या केल्या आणि माझ्या भावाला मी जुनी वाटले. निखिल मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. मी त्याला म्हटलं, बायको तुझी आहे, तू बोल. तो म्हणाला, बाबांचं ठरलं आहे आत्या. पल्लवीला तर कोणी विचारलंच नव्हतं. निघताना ती फाटकापर्यंत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, तुमी असान ना तिथं?" मी हो म्हटलं.

चौदा तारखेला मी सकाळीच त्या दवाखान्यात पोचले. नाव घेत नाही, अमरावतीत असे दवाखाने पैशाला पासरी झाले आहेत. चकचकीत फरशी, काचेची दारं, रिसेप्शनवर गणपती आणि त्याच्या शेजारी पाण्याचं कारंजं. पल्लवीला सलाईन लागलं होतं. मी आत जायला निघाले तर दारातली मुलगी म्हणाली, नातेवाइकांनी बाहेर बसायचं. मी सांगितलं, मी नर्स आहे, लेबर रूममध्येच माझी हयात गेली. ती म्हणाली, हो मॅडम, पण इथले रूल आहेत. त्या मुलीनं गळ्यात कार्ड लटकवलं होतं, पण तिचं नर्सिंग झालेलं नव्हतं, हे मी तिनं बाटली कशी धरली होती त्यावरून ओळखलं. असल्या मुली कमी पगारात मिळतात. डॉक्टर खाली ओपीडीत होते, वर येऊन जाऊन पाहत होते.

मग मी लेबर रूमच्या दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. इतकी वर्षं मी त्या दाराच्या आत असायचे आणि बाहेर बसलेल्या लोकांच्या अंगावर खेकसायचे. बाहेर बसून काय होतं ते त्या दिवशी समजलं. आतल्या मशीनमधून बाळाचे ठोके ऐकू येत होते, घोडा दौडल्यासारखे, टपटप टपटप. पल्लवी कण्हत होती. मी तिच्या कण्हण्यावरून कळा मोजत होते. दुपारपर्यंत ठीक चाललं होतं. मग डॉक्टर येऊन गेले आणि त्यानंतर कण्हणं वाढलं, मधली शांतता आखूड आखूड होत गेली. थेंब वाढवले होते हे मला दाराबाहेर समजलं. दिवस मावळायच्या आत उरकायचं असणार, तारीख पाळायची होती ना. मी दार ठोठावून त्या मुलीला म्हटलं, थेंब कमी कर, पोट मऊ पडू दे. ती म्हणाली, सरांनी सांगितलं तेवढंच आहे, आणि दार लावून घेतलं. मी खाली ओपीडीत गेले. सर दुसऱ्या पेशंटला पाहत होते. बाहेरच्या मुलानं मला थांबायला सांगितलं. मी थांबले नाही, आत घुसले. डॉक्टर हसून म्हणाले, मावशी, टेन्शन घेऊ नका, मी आहे ना.

वर आले तेव्हा रस्त्यावरून मिरवणूक येत होती. निळे झेंडे, ट्रकवर डीजे, पोरं नाचताहेत, निळा गुलाल उडतो आहे. त्या गाण्यांवर मी स्वतः तरुणपणी नाचले आहे, आजही ऐकली की ऊर भरून येतो. सुधाकर आणि निखिल खाली गेले होते, सुधाकर ओळखीच्यांना पेढे वाटत होता, अजून काही झालेलं नसताना. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. डीजेचा ट्रक नेमका दवाखान्यासमोर थांबला. काचा थरथरायला लागल्या. आणि मला ठोके ऐकू येईनासे झाले.

मी दाराला कान लावला. काही नाही, नुसता तो धडधडाट. पल्लवीचाही आवाज येईना. मी दार ठोकत राहिले, पण आत कोणाला ते ऐकू जाणार! किती वेळ ट्रक तिथं होता मी सांगू शकत नाही. तो पुढे सरकला, आवाज जरा ओसरला, आणि मला मशीन ऐकू आलं. घोडा दौडत नव्हता. टप. टप. मी त्या दाराला खांदा लावला आणि आत शिरले. त्या मुलीच्या हातात मोबाईल होता आणि ती खिडकीतून मिरवणूक पाहत होती. पल्लवीचं पोट दगडासारखं झालेलं. मी सलाईन बंद केलं, तिला डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला आणि त्या मुलीच्या अंगावर असं ओरडले की डॉक्टर धावत वर आले. तिथल्या तिथं सिझर केलं.

मुलगा झाला. चौदा एप्रिललाच झाला. तो रडला नाही. मी भिंतीला पाठ लावून उभी होते, आता मला कोणी बाहेर जा म्हणत नव्हतं. बाळाला उलटं धरलं, पाठ चोळली, नळी घातली, श्वासाची पिशवी दाबली. बऱ्याच वेळानं त्यानं मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज काढला. बाळाला काचेच्या पेटीत ठेवण्यासाठी दुसऱ्या दवाखान्यात हलवलं, तिथं तो पुष्कळ दिवस होता. वलगावच्या चौकात सुधाकरनं आधीच बॅनर लावून ठेवला होता, नातवाच्या जन्माच्या शुभेच्छांचा, मुलगा का मुलगी तेवढी जागा रिकामी सोडून. तो त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतः शिडीवर चढून काढला.

सम्यक आता चार वर्षांचा आहे. मान धरत नाही, बसत नाही. माझा आवाज ओळखतो, गोधडीखाली पाय दडवला की खुदुखुदु हसतो, भरवलेलं हळूहळू गिळतो. मी त्याला आठवड्यातून एकदा जाऊन तेल लावते, पाय वळवून देते. त्याच्यासारखं गोड लेकरू मी पाहिलं नाही. पण त्याच्याकडे पाहिलं की माझं रक्त उकळतं, ते आजही तसंच उकळतं. डॉक्टर म्हणाले, कधी कधी होतं असं. हेच वाक्य मीही नोकरीत कित्येकांना सांगितलं होतं, पण तेव्हा ते खरं होतं.

सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? पहिल्या वर्षी वाढदिवसाला घरी कोणी काही करणार नव्हतं. मी केक घेऊन गेले. सुधाकर ओट्यावर बसला होता, जयंतीच्या मिरवणुकीलाही गेला नव्हता. मला पाहून म्हणाला, "तू त होती ना तिथं. सारं तुले समजत होतं. मंग काऊन नाही थांबवलं?"

मी एवढंच म्हटलं, "थांबवत होती, सुधाकर. तूच म्हटलं, तुले जुनंच मालूम." तो उठून आत गेला. त्यानंतर आम्ही बहीणभाऊ एकमेकांशी बोलतो, लग्नाकार्यात भेटतो, जयभीम घालतो. पण मनातलं काही बोलत नाही. त्याला माफ करावं असं सगळे सांगतात. मला जमत नाही आणि जमवायची इच्छाही नाही.

यंदा पल्लवीला पुन्हा दिवस गेले. कोणालाच अपेक्षा नव्हती. सहावा सरला तशी ती निखिलला आणि सम्यकला घेऊन माझ्याकडे अकोल्याला आली. बॅग ठेवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "आत्या, मी इथंच राह्यतो. अन् तारीख कोनालेच सांगू नका. याहीलेसुद्धा नाही." याही म्हणजे नवरा, तो शेजारीच बसला होता. मी दवाखान्यातली तारीख मनात ठेवली आणि सुधाकरनं फोनवर विचारलं की सांगायचे, अजून पुष्कळ वेळ आहे. सगळ्या नोकरीत मी कोणाला खोटी तारीख सांगितली नव्हती. भावाला सांगितली आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

दिवस भरले. दोन दिवस वर गेले तशी पल्लवी घाबरली, मला सारखी विचारू लागली. मी तिला रोज तपासायचे, तोंड मऊ पडत होतं, ठोके छान होते. पहिलं सिझर झालेलं म्हणून डॉक्टर मॅडमची नजर होतीच, जरा काही दिसलं असतं तर टेबल तयार होतं. मग एका सकाळी ती वांगी चिरत असताना पाणी गेलं. कसली तिथी नाही, कसला सण नाही, साधा मंगळवार. माझ्याच जुन्या दवाखान्यात नेलं. मी बाहेर थांबायला लागले तर शुभांगी सिस्टर, जी मला हिटलर म्हणणाऱ्यांत पहिली होती, दार उघडून म्हणाली, मॅडम, तुम्ही आत या. निखिल सम्यकला मांडीवर घेऊन बाहेरच्या बाकावर बसला.

मी पल्लवीच्या पोटावर हात ठेवून बसले. कळ यायची, ओसरायची, पोट मऊ पडायचं. सलाईन नाही, काही नाही. दुपारी मुलगी झाली. अजून नाळही कापली नव्हती, तर तिनं असा टाहो फोडला की शुभांगी हसायला लागली. लाल झालेली, मुठी आवळलेली, अंगात आल्यासारखी रडत होती. मी ते रडणं हजारो वेळा ऐकलं असेल.

पल्लवीनं कधीच ऐकलं नव्हतं. ती हसली नाही, बाळाकडे हात पुढे केला नाही. तशीच पडून ऐकत राहिली आणि मग माझं मनगट घट्ट पकडलं.

"आत्या, असे रडतात लेकरं?"

"हो माय."

"तवा लोकं थांबले असते," ती म्हणाली, "त सम्यकबी असाच रडला असता ना?"

नर्सला हे पहिल्या वर्षी शिकवतात, की असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही. सांगता येत नाही असं म्हणायचं, डॉक्टरांशी बोला म्हणायचं, पेशंटचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. मी ते आयुष्यभर केलं आहे. शुभांगी माझ्याकडे पाहत होती.

"हो," मी म्हणाले. "असाच रडला असता."